बघताना कळतं, लिहिताना सुचत नाही: प्रोग्रॅमिंगचा पाया कसा पक्का करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. झालंय, शाळा मराठी माध्यमातली, काही महिन्यांपासून व्हिडिओ बघून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताय. शिकवणारा लिहीत असतो तेव्हा ओळ न ओळ कळते. व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडली की काहीच सुचत नाही. आता भाषा बदलावी का, आधी सी शिकायला हवी होती का, गणित कच्चं असल्यामुळे असं होतंय का, की सरळ क्लास लावावा?

भाषा बदलू नका. सी आधी शिकायलाच हवी असं काही नाही. गणिताचा यात जवळजवळ काही संबंध नाही. क्लासबद्दल पुढे लिहितो. मी अनेक वर्षं सॉफ्टवेअर लिहितो आणि नवशिक्यांना शिकवतो. सगळ्यांत जास्त वेळा भेटते ती हीच अडचण, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं. तुम्हाला प्रोग्रॅम लिहिता येत नाही असं वाटतंय, पण त्याआधीची एक पायरी राहून गेली आहे. पाच-सात ओळींचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर न चालवता, कागद-पेन घेऊन, तिसऱ्या ओळीनंतर कुठल्या व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवण्यासाठी दिलेल्या नावात) नेमकं काय आहे हे छातीठोकपणे सांगता येतं का? व्हिडिओ बघताना हे कौशल्य लागतच नाही, कारण पुढे काय होणार ते शिकवणारा आधीच सांगून टाकतो. त्यामुळे आपल्याला सगळं येतंय असा समज होतो.

हे निव्वळ माझं मत नाही. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन या संशोधकांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतल्या, प्रोग्रॅमिंगचा पहिला कोर्स पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना कॅल्क्युलेटरच्या धर्तीवरचे प्रोग्रॅम लिहायला दिले. निकाल शिक्षकांच्या अपेक्षेपेक्षा फारच खाली आला. तेव्हा सगळ्यांनी मानलं की मुलांना समस्या सोडवता येत नाहीत. मग २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने सात देशांतल्या विद्यार्थ्यांना काहीही लिहायला न लावता, तयार प्रोग्रॅम दाखवून त्याचं उत्तर काय येईल किंवा गाळलेल्या जागी कुठली ओळ बसेल, एवढंच पर्यायांतून निवडायला सांगितलं. अनेकांना तेही जमलं नाही. म्हणजे गाडी आधीच्याच स्टेशनवर अडलेली होती.

तुम्ही कुठे आहात ते आत्ताच बघू. पुढच्या तीन ओळी वाचा आणि सांगा, शेवटी ब मध्ये काय आहे?

अ = ५
ब = अ
अ = ८

उत्तर ५. पुष्कळ जण ८ म्हणतात, कारण शाळेत बरोबरचं चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू कायमच्या सारख्या असं शिकलेलं असतं. प्रोग्रॅममध्ये हे चिन्ह एक हुकूम आहे: आधी उजव्या बाजूची किंमत काढ, मग ती डावीकडच्या नावाखाली ठेव. हुकूम पाळून झाला की संपलं. दुसरी ओळ चालली तेव्हा अ मध्ये ५ होते, तेच ब ला मिळाले. नंतर अ चं काहीही झालं तरी ब ला त्याचा पत्ता नसतो. (पायथनमध्ये लिस्टच्या, म्हणजे अनेक किमतींच्या यादीच्या, बाबतीत याला एक वळण आहे. दोन नावं एकाच लिस्टकडे बोट दाखवू शकतात आणि मग एका नावाने केलेला बदल दुसऱ्या नावानेही दिसतो. ते लिस्ट शिकाल तेव्हा मुद्दाम करून बघा.)

आता 'अ = अ + १' हे बीजगणितात अशक्य आहे, प्रोग्रॅममध्ये रोजचं आहे. तुम्ही कॉमर्सचे, रोकडवही लिहिली असेल. प्रत्येक नोंदीला जुनी शिल्लक घ्यायची, जमा मिळवायची, खर्च वजा करायचा, आणि आलेला आकडा नवी शिल्लक म्हणून पुढे न्यायचा. 'शिल्लक = शिल्लक + जमा' ही ओळ हेच करते. ज्यांचं गणित पक्कं असतं त्यांना या ओळीशी झगडताना मी पाहिलंय. वही लिहिलेल्यांना ती लगेच पटते.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. ते प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांच्या वर्तुळात प्रसिद्ध आहे. १९८०च्या दशकात येल विद्यापीठात एलियट सोलोवे यांनी ते विद्यार्थ्यांना दिलं आणि तेव्हापासून जगभर ते 'पावसाचा प्रश्न' म्हणून वापरलं जातं. दररोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये एकेक करून टाकायचा. ९९९९९ टाकलं की नोंदी संपल्या असं समजायचं. चुकून उणे आकडा आला तर तो सोडून द्यायचा. शेवटी सरासरी दाखवायची. इतकंच. तरीही पहिल्या कोर्सनंतर बऱ्याच विद्यार्थ्यांना हे नीट लिहिता येत नव्हतं.

पुढच्या ओळी मी मराठी शब्दांत आणि मराठी आकड्यांत लिहितोय, म्हणजे लक्ष मांडणीवर राहील. नवशिक्याचा पहिला प्रयत्न बहुधा असा असतो:

बेरीज = ०
दिवस = ०
आकडा = ०
जोपर्यंत आकडा ≠ ९९९९९:
    आकडा = वाच()
    बेरीज = बेरीज + आकडा
    दिवस = दिवस + १
दाखव(बेरीज / दिवस)

वाचायला हे अगदी ठीक वाटतं. म्हणून वाचून सोडायचं नाही. कागदावर प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक रकाना आखा आणि समजा माणसाने १२, ०, ३०, ९९९९९ असं टाकलं, तर काय होतं ते लिहीत जा:

आकडा १२: बेरीज १२, दिवस १
आकडा ०: बेरीज १२, दिवस २
आकडा ३०: बेरीज ४२, दिवस ३
आकडा ९९९९९: बेरीज १,००,०४१, दिवस ४

सरासरी आली २५,०१०.२५ मिमी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि मुंबई ठप्प झाली. आपला प्रोग्रॅम रोज सरासरी २५ मीटर पाऊस पडला असं सांगतोय. उत्तर प्रत्यक्षात शक्य आहे का, हे दर वेळी तपासायचं. कॉम्प्युटर स्वतःहून शंका घेणार नाही.

चूक कुठे झाली? ९९९९९ ही खूण आहे, पाऊस नव्हे, पण ती बेरजेत गेली. का गेली, हे इथे खरं महत्त्वाचं. अनेकांच्या मनात असं असतं की 'जोपर्यंत' ही अट सतत लक्ष ठेवून असते आणि आकडा ९९९९९ झाला त्याच क्षणी लूप (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींचा गट) थांबतं. तसं होत नाही. अट फक्त लूपच्या डोक्यावर तपासली जाते. आत शिरल्यावर खालच्या सगळ्या ओळी पूर्ण होतात, मग प्रोग्रॅम वर येतो आणि तेव्हा कुठे अट पुन्हा बघतो. हा गैरसमज व्हिडिओ बघून जात नाही, पुस्तक वाचूनही सहसा जात नाही. असा एक तक्ता स्वतःच्या हाताने भरला की जातो.

दुरुस्त केलेला प्रोग्रॅम:

बेरीज = ०
दिवस = ०
आकडा = वाच()
जोपर्यंत आकडा ≠ ९९९९९:
    जर आकडा ≥ ०:
        बेरीज = बेरीज + आकडा
        दिवस = दिवस + १
    आकडा = वाच()
जर दिवस > ०:
    दाखव(बेरीज / दिवस)
नाहीतर:
    दाखव("एकही नोंद नाही")

पहिला आकडा लूपच्या बाहेर वाचला, आणि पुढचा आकडा वाचण्याचं काम लूपच्या तळाशी नेलं. आता आकडा वाचला की लगेच पुढची गोष्ट म्हणजे अट तपासणं, त्यामुळे खूण बेरजेत जाऊच शकत नाही. मघाचेच आकडे टाकून तक्ता पुन्हा भरा: बेरीज ४२, दिवस ३, सरासरी १४. कोरड्या दिवसाचं शून्य मोजलं गेलंय, ते मोजलंच पाहिजे; पाऊस पडला नाही हीसुद्धा नोंद आहे.

लूपमधली शेवटची 'आकडा = वाच()' ही ओळ चार जागा उजवीकडे सरकवून बघा, म्हणजे ती 'जर'च्या पोटात जाईल. १२, ०, ३० टाकलं तर सगळं पूर्वीसारखंच चालतं. पण मध्ये −३ टाकलं की अट खोटी ठरते, नवा आकडा वाचलाच जात नाही, आकडा −३ च राहतो आणि प्रोग्रॅम कायमचा अडकतो. चार मोकळ्या जागांचा फरक! पायथनमध्ये ओळ कितीने आत आहे यावर ती कोणाची हे ठरतं, त्यामुळे समास, म्हणजे ओळीआधीची मोकळी जागा, हा तिथे व्याकरणाचा भाग आहे.

म्हणून प्रोग्रॅम एकदा चालला म्हणजे झाला असं धरायचं नाही. या प्रोग्रॅमला मी निदान चार परीक्षा देईन: साधे आकडे, मध्येच एक उणे आकडा, सगळी शून्यं, आणि पहिलाच आकडा ९९९९९. शेवटच्या परीक्षेत 'जर दिवस > ०' ही ओळ नसेल तर शून्याने भागायची वेळ येते आणि पायथन एरर देऊन थांबतो. परीक्षा प्रोग्रॅम लिहिण्याआधी कागदावर मांडल्या तर आणखी चांगलं, कारण त्यातूनच प्रोग्रॅमला काय काय सांभाळायचंय ते कळतं. 'सुचत नाही' या तक्रारीचं अर्धं औषध इथेच आहे.

उरलेलं अर्धं असं. अनुभवी माणसालाही कोऱ्या पानावर जादूने काही सुचत नाही. त्याच्याकडे थोडे ठरलेले साचे असतात आणि समोरचा प्रश्न त्यांपैकी कशाकशाचा बनलाय हे तो ओळखतो. पावसाच्या प्रश्नात चार साचे आहेत: चालती बेरीज, मोजणी, खूण येईपर्यंत वाचत राहणं, आणि नको ते गाळणं. सोलोवे यांचं म्हणणंही हेच होतं की नवशिक्यांना सुटे सुटे साचे येतात, ते एकमेकांत गुंफताना गडबड होते. यांच्याबरोबर आणखी थोडे शिका: आतापर्यंतची सर्वांत मोठी किंमत लक्षात ठेवणं, एखादी गोष्ट सापडली की नाही याची नोंद ठेवणं, दोन किमतींची अदलाबदल, लूपच्या आत लूप. सुरुवातीच्या काळातले बहुतेक प्रश्न एवढ्यात बसतात.

सर्वांत मोठ्या किमतीचा साचा सोपा वाटतो, पण त्यात एक हमखास खड्डा आहे. बहुतेक जण 'मोठी = ०' पासून सुरुवात करतात आणि प्रत्येक आकडा मोठीपेक्षा मोठा असेल तर मोठी बदलतात. गुणांसाठी हे चालतं. आता लडाखमधल्या द्रासचं जानेवारीतलं किमान तापमान द्या: −१५, −२२, −९. प्रोग्रॅम म्हणेल, सर्वांत जास्त शून्य. यादीत शून्य नव्हतंच! सुरुवात यादीतल्या पहिल्या आकड्यापासून केली की प्रश्न मिटतो. अदलाबदलीतही असंच: 'अ = ब' आणि लगेच 'ब = अ' लिहिलं तर अ ची जुनी किंमत पहिल्याच ओळीत पुसली जाते. तिसरं व्हेरिएबल लागतं. पायथनमध्ये 'अ, ब = ब, अ' असं एका ओळीत होतं, पण तिसऱ्या व्हेरिएबलची गरज का पडते हे कळल्यावरच ही सोय वापरा.

कॉम्प्युटर कशाला काय समजतो, हाही पायाचाच भाग आहे. पायथनमध्ये इनपुटने घेतलेली प्रत्येक गोष्ट अक्षरं म्हणून येते. दोनदा ५ टाकून बेरीज केली तर १० न येता ५५ येतात, कारण दोन शब्द शेजारी शेजारी चिकटवले गेले. संख्या हवी असेल तर तसं सांगून बदलून घ्यावी लागते. दशांशाचं आणखी निराळं. पायथनला ०.१ + ०.२ विचारा; उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. कॉम्प्युटर बिघडलेला नाही. जसं एक-तृतीयांश दशांशात लिहिताना ०.३३३ करत कुठेतरी थांबावं लागतं, तसंच ०.१ कॉम्प्युटरच्या ० आणि १ या दोनच अंकांच्या पद्धतीत लिहिताना होतं. तुम्ही पुढेमागे हिशोबाचे प्रोग्रॅम लिहिणार असाल तर आत्तापासून सवय लावून घ्या: १९ रुपये ९९ पैसे म्हणजे १९९९ पैसे, पूर्णांकात. किंवा पायथनचं डेसिमल (दशांश अचूक ठेवायची सोय) वापरा. पैशाचा हिशोब साध्या दशांशात ठेवायचा नाही.

आता सी आणि पायथन. सी १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवली, पायथन ग्वीदो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांपुढे आणली. सी तुम्हाला मशीनच्या जवळ नेते: संख्येला किती जागा, मेमरीत ती कुठे, हे सगळं तुमच्या डोक्यावर. पायथन ते झाकून ठेवते. पायथनमध्ये पूर्णांक वाटेल तेवढा मोठा होऊ शकतो. सीमध्ये ठरलेल्या जागेबाहेर गेला की घोटाळा. हा घोटाळा किती महाग पडतो ते ४ जून १९९६ ला दिसलं. युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. आधीच्या एरियान ४ मधून घेतलेल्या भागात एक ६४ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ एवढंच मावणारी जागा) संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जात होती, तिथे ३२,७६७ च्या वर काही मावत नाही, आणि नव्या रॉकेटचा वेग जास्त असल्यामुळे संख्या मोठी झाली. (ते सॉफ्टवेअर सीमध्ये नव्हतं, एडा नावाच्या भाषेत होतं, जागा मर्यादित असली की प्रश्न कुठल्याही भाषेत तोच.) सी शिकल्याने हे अंगात मुरतं, म्हणून ती कधीतरी शिकाच. पण ज्याला लूपचा तक्ता भरता येत नाही त्याच्यावर पॉइंटरचं (मेमरीतल्या पत्त्यांचं) ओझं टाकण्यात अर्थ नाही.

ज्यांना कॉलेजच्या अभ्यासक्रमात सी आहे त्यांनी सी करावी, पाया तोच आहे. एकच कळकळीची विनंती: सी लिहायला आणि चालवायला अजूनही काही ठिकाणी निळ्या पडद्याचं टर्बो सी वापरतात. ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं साधन आहे. त्यात साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो, म्हणून ३२,७६७ मध्ये १ मिळवला की −३२,७६८ दिसतं, आणि पडदा पुसण्यासारख्या काही सवयी अशा लागतात की ज्या आजच्या कंपायलरवर चालतच नाहीत. परीक्षेपुरतं तिथे करा, पण घरी जीसीसी हा आजचा कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) वापरा. ते फुकट आहे.

गणिताचं बघू. सुरुवातीला लागतं ते एवढंच: भागाकार आणि बाकी, टक्केवारी, आणि 'आणि', 'किंवा', 'नाही' यांची नीट समज. यांतली शेवटची गोष्ट गणितापेक्षा भाषेची आहे. लीप वर्षाचा नियम घ्या. ४ ने भाग गेला तर लीप. पण १०० ने गेला तर नाही. मात्र ४०० ने गेला तर पुन्हा लीप. म्हणून १९०० लीप नव्हतं, २००० होतं. अटी याच क्रमाने लिहिल्या आणि पहिली अट खरी ठरताच उत्तर दिलं तर १९०० चुकेल. सगळ्यांत खास अट आधी तपासायची: आधी ४००, मग १००, मग ४. यात अवघड गणित कुठेच नाही, क्रमाचा विचार आहे. पुढे ग्राफिक्स, मशीन लर्निंग वगैरेंकडे वळलात तर गणित लागेल, आणि तेव्हा ते शिकताही येईल.

इंग्रजीची भीतीही जरा मोजून बघा. सीच्या मूळ प्रमाणित रूपात राखीव शब्द ३२, पायथनमध्ये ३५ च्या आसपास. तेवढे शब्द पाठ होतातच. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत दिलेली चालतात. 'शिल्लक', 'दिवस' अशी नावं द्या, प्रोग्रॅम चालेल. फक्त कोडमध्ये लिहायचे आकडे इंग्रजी हवेत. सुरुवातीचे दिवस मराठी नावांनी सराव करायला माझी काहीच हरकत नाही, डोक्यातला विचार आणि पडद्यावरचा शब्द एकच राहतो. नोकरीत मात्र इंग्रजी नावंच लागतील, तेव्हा पुढे सवय बदला.

इंग्रजी खरी लागते ती एरर वाचायला, आणि तिथेच नवशिके घाबरून फाइल बंद करतात. पायथनचा एरर खालून वर वाचायचा. सगळ्यांत शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या जरा वर ओळीचा क्रमांक. नेमएरर म्हणजे हे नाव मला माहीत नाही, बहुधा स्पेलिंग चुकलंय किंवा किंमत देण्याआधीच वापरलंय. टाइपएरर म्हणजे अक्षरं आणि संख्या यांची सरमिसळ. इंडेंटेशनएरर म्हणजे समास चुकला. इंडेक्सएरर म्हणजे लिस्टच्या बाहेर हात घातला. लिस्टची मोजणी शून्यापासून होते, पाच वस्तू असतील तर शेवटचीचा क्रमांक ४. एक वही करा, एररची शेवटची ओळ आणि ती कशाने गेली हे तिच्यात लिहून ठेवा. पहिल्या काही महिन्यांत तेच तेच एरर फिरून फिरून येतात, त्यामुळे ही वही लवकर कामाला येते.

साधनं दोनच सांगतो. थॉनी हा एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेला पायथनचा फुकट एडिटर आहे. त्यात प्रोग्रॅम एकेक पायरी चालवता येतो आणि शेजारी व्हेरिएबलच्या किमती बदलताना दिसतात. दुसरं, फिलिप गुओ यांचं पायथन ट्यूटर. ते ब्राउझरमध्येच चालतं आणि प्रत्येक ओळीनंतरचं चित्र काढून दाखवतं. दोन्हींच्या बाबतीत एकच अट पाळा: पुढची पायरी दाबण्याआधी काय होणार ते कागदावर लिहा, मग दाबा. न लिहिता नुसती बटणं दाबत राहिलात तर तोही एक व्हिडिओच झाला. लॅपटॉप नसेल तर फोनच्या ब्राउझरवर गूगल कोलॅब चालतं, अँड्रॉइडवर पायड्रॉइड आहे. छोट्या पडद्यावर लिहिणं जिकिरीचं आहे, पण तक्ता भरण्याचं काम तर कागदावरच करायचंय.

व्हिडिओ सोडू नका, बघण्याची पद्धत बदला. शिकवणारा रन करायच्या आधी थांबवा आणि उत्तर लिहा. पूर्ण झाल्यावर तोच प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी न बघता लिहा. अडलात तर जिथे अडलात तेवढंच बघा. मग त्यात एक बदल करा: सरासरीच्या जागी सर्वांत जास्त पावसाचा दिवस कितवा ते काढा. हा बदल करताना जी तारांबळ उडते, तेच शिकणं. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी आवाजातले धडे आहेत आणि ते विनामूल्य आहेत. इंग्रजी चालत असेल तर आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथनचा कोर्स उत्तम आहे, पण तो या पायानंतर घ्या.

चॅटजीपीटीसारखी साधनं वापरावीत का, हा प्रश्न आता प्रत्येक विद्यार्थी विचारतो. माझं स्पष्ट मत: पहिले काही महिने त्यांच्याकडून कोड लिहून घेऊ नका. पावसाचा प्रश्न ती क्षणात सोडवतील आणि तुमच्या डोक्यात लूपचं चित्र तयार होणार नाही. त्यांचा उपयोग मास्तर म्हणून करा. स्वतःचा प्रोग्रॅम आणि भरलेला तक्ता द्या आणि विचारा, 'माझा तक्ता कुठल्या ओळीला चुकला? दुरुस्त कोड देऊ नकोस.' एररचा अर्थ मराठीत विचारा. किंवा दहा ओळींचा प्रोग्रॅम मागा आणि त्याचं उत्तर तुम्ही सांगा. नोकरीतही पुढे या साधनांनी लिहिलेला कोड तपासायची जबाबदारी तुमच्यावरच येणार आहे, आणि तपासायला वाचता यावं लागतं.

आता क्लास. स्वतः होऊन बसणं होत नसेल तर लावा, त्यात काही कमीपणा नाही. पैसे भरण्याआधी एक तास बसून बघा. त्या तासात विद्यार्थी स्वतः लिहितात का, आणि त्यांचा चुकलेला प्रोग्रॅम कोणी शेजारी बसून बघतं का? फक्त मास्तरच फळ्यावर लिहीत असेल तर तो क्लास तुमची अडचण सोडवणार नाही. नोकरीची हमी, मोठमोठी नावं, एकाच कोर्समध्ये पाच भाषा, याकडे बघू नका. एमएस-सीआयटी झालं असेल तर कॉम्प्युटर हाताळण्याची भीती गेलेली असते, तो मोठा फायदा आहे. पण तो संगणक साक्षरतेचा कोर्स आहे, प्रोग्रॅमिंग त्यानंतर वेगळं शिकावं लागतं.

क्रम म्हणाल तर व्हेरिएबल, अटी, लूप, लिस्ट, फंक्शन (नाव देऊन हवा तेव्हा वापरायचा ओळींचा गट), मग शब्दांवरची कामं आणि डिक्शनरी (नाव आणि किंमत यांच्या जोड्या), मग फाइल वाचणं-लिहिणं. लूप आणि लिस्टवर मनसोक्त वेळ घालवा, तिथे घाई केलेल्यांचं पुढे सगळंच अडतं. फंक्शन शिकताना परत देणं आणि दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्कं करा: पडद्यावर दिसलेलं उत्तर पुढच्या ओळीला वापरता येत नाही, परत दिलेलं येतं. क्लास-ऑब्जेक्ट आणि रिकर्शन हे पुढचे विषय सध्या बाजूला ठेवले तरी चालेल.

उद्यापासून करायला तीन प्रश्न देतो. प्रत्येकाला आधी परीक्षा लिहा, मग प्रोग्रॅम, मग तक्ता, आणि मगच रन.

पहिला: महिनाभराचे जमा-खर्चाचे आकडे एकेक करून घ्या, ० आलं की थांबा, शेवटची शिल्लक आणि महिन्यातली सर्वांत कमी शिल्लक दाखवा. ० ही खूण इथे का चालते आणि पावसाच्या प्रश्नात का चालली नसती, ते आधी लिहा.

दुसरा: रुपयांची पूर्ण रक्कम घ्या आणि ५००, २००, १००, ५०, २०, १० च्या किती नोटा आणि १ रुपयाची किती नाणी द्यायची ते सांगा. भागाकार आणि बाकी एवढंच लागेल. आधी सहा वेळा तीच ओळ लिहून करा. मग नोटांची लिस्ट करून लूपमध्ये बसवा.

तिसरा: पावसाच्या प्रोग्रॅममध्ये भर घाला. सलग जास्तीत जास्त किती दिवस कोरडे गेले ते काढा. इथे दोन मोजण्या लागतील, एक चालू आणि एक आतापर्यंतची सर्वांत मोठी, आणि पहिली कधी शून्यावर आणायची हा यातला खरा प्रश्न आहे. ०, ०, ५, ०, ०, ० असे आकडे देऊन उत्तर ३ येतंय का बघा. यादी कोरड्या दिवसांवर संपते तेव्हा अनेकांचं उत्तर २ येतं. तुमचंही आलं तर तक्त्याची शेवटची ओळ नीट बघा.